उकिरडा शहराचा, माती आपली

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाला काय भाव मिळणार आणि ज्वारीची खरेदी कधी सुरू होणार, हे ऐकायला आपण आला आहात. त्यावर बोलणारे आमच्यानंतर बरेच जण आहेत. आम्ही आज कचऱ्यावर बोलणार आहोत. हसू नका. पिंपरी-चिंचवडच्या कचऱ्यात तुमच्या शेताचा हिशेब पडलेला आहे, आणि त्या हिशेबात आपण दरवर्षी तोट्यात निघतो.

शेतातून काय जाते?

कृषी महाविद्यालयात आम्हाला एक तक्ता पाठ करावा लागे. कोणते पीक जमिनीतून किती काय उचलते, त्याचा. परीक्षा झाली, तक्ता विसरलो. कोरडवाहू गावांत फिरू लागलो तेव्हा तो पुन्हा आठवला. एक क्विंटल ज्वारीच्या दाण्याबरोबर साधारण दीड किलो नत्र शेताबाहेर जातो. कापसाची गंमत वेगळी. रुई हवा, पाणी आणि उन्हावर बनते, ती जमिनीचे फारसे काही नेत नाही. जमिनीचा कस जातो तो सरकीत. सरकीची पेंड होते, पेंड शहराजवळच्या गोठ्यांत जाते, तिचे दूध शहर पिते आणि शेण ओढ्याला लागते. ज्वारीचे, तुरीच्या डाळीचे, मेथीच्या जुडीचेही असेच.

पूर्वी खाणारे गावात होते, उकिरडाही गावातच होता. उन्हाळ्यात उकिरडा उपसला की गेलेले बरेचसे रानात परत येई. आता खाणारी तोंडे चाकण-भोसरीला गेली. आपलीच पोरे तिथल्या कारखान्यांत पाळी करतात आणि कुरुळी, नाणेकरवाडी, मोशीच्या खोल्यांत राहतात. भाकरी त्यांच्यामागे गेली, पण उकिरडा परत आला नाही. इकडे बैल विकले गेले, गोठे रिकामे झाले. कोरडवाहू कापूस-ज्वारीला हेक्टरी ५ टन शेणखत द्या, असे आम्ही सांगतो. ऐकणारा विचारतो, "साहेब, शेण कुठून आणू?" आमच्यापाशी उत्तर नसते.

मोशीचा डोंगर

मग हे सगळे गेले कुठे? मोशीला गेले. पिंपरी-चिंचवडची महापालिका १९८२ साली झाली. १९९१ पासून तिचा कचरा मोशीच्या ८१ एकरांवर पडू लागला. मोशी महापालिकेच्या हद्दीत आली ती १९९७ साली. म्हणजे मोशी शहरात येण्याच्या सहा वर्षे आधी शहराचा उकिरडा मोशीत आला. पुणे शहराने उरुळी देवाची आणि फुरसुंगीचे हेच केले. तिथल्या विहिरी नासल्या, गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या पुन्हा पुन्हा अडवल्या. २०१७ साली डेपोला आग लागली तेव्हा तर आंदोलन कित्येक दिवस चालले. बारा वर्षांनी उकिरड्याचीही दैना फिटते म्हणतात. मोशीच्या उकिरड्याला तीस वर्षे उलटून गेली आहेत.

१ ऑगस्ट २०२३ रोजी मोशीच्या वीज प्रकल्पाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. १४ मेगावॅट वीज, आणि त्यासाठी वर्षाला अडीच लाख टन कचरा. मळक्या चिंध्या, चिकट प्लास्टिक, ज्याचे दुसरे काहीच होत नाही असा माल जाळून वीज होत असेल तर आमचे भांडण नाही. पण भाजीची देठे आणि शिळे अन्न भट्टीत गेले तर त्यांच्यातल्या पाण्याने भट्टी थंडावते आणि आपला नत्र धुरातून उडून जातो. त्यात ना शहराचा फायदा, ना आपला.

काचेचे खत

मग खत करा आणि शेतकऱ्याला द्या, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांना आमचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका नगरपालिकेच्या कचऱ्याचे खत आम्ही चार शेतकऱ्यांना आग्रहाने घ्यायला लावले. ट्रॉल्या आल्या, खत विस्कटले, वखर फिरला. पहिल्या दोन पावसांनी माती बसली आणि रान चमकू लागले. काचा, पिशव्यांचे तुकडे, ब्लेडची पाती. खुरपायला आलेल्या बाईचे बोट कापले. आम्ही तिला दवाखान्यात नेले, पण तिचे खुरपण्याचे पंधरा दिवस बुडाले. चूक आमची होती. आम्ही खत मुठीत घेऊन पाहिले, पण कचरा दारात कसा गोळा होतो ते पाहिले नाही.

काच निदान डोळ्यांना दिसते. बॅटरीतले शिसे दिसत नाही. खत नियंत्रण आदेशाने शहरी कंपोस्टला मर्यादा घातल्या आहेत. एका किलोत शिसे १०० मिलिग्रॅम आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅम, याच्या वर नको. कारण हे विष एकदा रानात गेले की निघत नाही. चाळणीने काच निघेल, शिसे निघणार नाही. म्हणून कचरा वेगळा करायचा तो घराच्या दारातच. पुढची सगळी यंत्रे त्यानंतर.

दारात कोण उभे आहे?

हे दारातले काम कोण करते? पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरा वेचणाऱ्यांची संघटना उभी राहिली. यात बहुतेक बाया. त्यांतल्या कितीतरी घरांनी १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातली, सोलापूरकडची गावे सोडली. म्हणजे शेतात पिकले नाही म्हणून आपल्यातून गेलेली ही माणसे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांनी १९९० च्या दशकात त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. पुढे २००८ साली त्यांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने पुणे महापालिकेशी करार केला. बाई दारोदार जाते, ओला-सुका वेगळा घेते, घरटी ठरलेले शुल्क घेते आणि सुका माल विकून आलेले पैसे तिचे.

यातला हिशेब नीट पाहा. पुठ्ठा भिजला की भाव पडतो. म्हणून ओले-सुके वेगळे ठेवण्यात तिचा स्वतःचा फायदा आहे. जिथे ठेकेदाराला टनावर पैसे मिळतात तिथे त्याचा फायदा वजनात असतो. ओले, सुके, राडारोडा, सगळे एकात गेले तरी त्याचे काही बिघडत नाही. ज्याला दाम द्याल ते वाढेल, हा नियम कापसाला लागू आहे तसा कचऱ्यालाही आहे. तिच्या घामाला दाम मिळाला तर आपल्या मातीला स्वच्छ खत मिळेल.

सुक्या मालाचेही बघा. चिखलीजवळ कुदळवाडीत वर्षानुवर्षे भंगाराची गोदामे होती. पत्रा, पुठ्ठा, प्लास्टिक तिथे निवडले जाई. आगी लागत, धूर होई, लोकांच्या तक्रारी खऱ्या होत्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने ती गोदामे पाडली. पण शहरातून भंगार निघायचे थांबत नाही. जागा ठरवून, पाण्याची आणि आगीच्या बंबाची सोय करून हा धंदा नीट बसवला नाही, तर तो पुढच्या गावाच्या शिवारात जाऊन बसेल. कारखानदारीत आधी जमीन गेली. आता उरलेल्या जमिनीवर भंगाराचा धूर नको.

आपण काय करायचे?

कुणी म्हणेल, मोशीचे खत आमच्या जिल्ह्यात पाठवा. ते परवडणार नाही. शहरी कंपोस्टमध्ये नत्र किमान ०.८ टक्के असावा असे बंधन आहे, म्हणजे टनाला ८ किलो. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत २० किलो असतो. कंपोस्ट घ्यायचे ते नत्रासाठी कमी आणि सेंद्रिय कर्बासाठी जास्त, पावसाने ओढ दिली तर जमिनीत ओल टिकावी म्हणून. इतका हलका माल लांब नेला की ट्रकचे भाडेच खताला खाऊन टाकते. मोशीचे खत खेड, मावळ, शिरूरच्या रानात जावे. आपल्याला आपल्या तालुक्याच्या गावाचा उकिरडा हवा. लहान गावाला हे जमत नाही असे नाही. वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेने कचरा दारातच वेगवेगळा घेतला, ओल्याचा गॅस आणि खत केले, प्लास्टिकचे तुकडे रस्त्याच्या डांबरात घातले. तिथला डेपो बघायला आता लोक जातात.

तेव्हा या खरिपाआधी चार कामे करा.

पहिले, गायरानात मिसळलेला कचरा टाकू देणार नाही, असा ठराव ग्रामसभेत करून घ्या. एकदा गाड्या सुरू झाल्या की थांबवायला किती वर्षे लागतात, ते फुरसुंगीला विचारा.

दुसरे, आपल्या नगरपंचायतीला लेखी कळवा की ओला कचरा वेगळा गोळा केलात तर त्याचे खत जवळच्या गावांचे शेतकरी स्वतःच्या ट्रॉलीने उचलतील. पण प्रत्येक ढिगाबरोबर तपासणीचा कागद हवा. कागद नाही तर ट्रॉली नाही. पहिल्या वर्षी पाच गुंठ्यांवरच टाका. आमच्या सांगण्यावरूनही जास्त टाकू नका.

तिसरे, त्याच अर्जात लिहा की दारातले काम आज कचरा वेचणाऱ्या बायांनाच द्यावे, आणि त्यांना हातमोजे, हातगाडी आणि पुरा मेहनताना मिळावा.

चौथे आपल्या घरचे. आपल्या उकिरड्यात आज काय काय आहे ते परत गेल्यावर बघा. गुटख्याच्या पुड्या, औषधाच्या बाटल्या, लग्नातले प्लास्टिकचे पेले. शहराला वेगळे कर म्हणण्याआधी एक पोते खुंटीला अडकवा आणि हे सगळे त्यात टाका. फवारणीच्या बाटल्या मात्र घरात आणू नका, त्या निराळ्या आणि पोरांच्या हाताबाहेर ठेवा.

पुढच्या मेळाव्याला प्रत्येक तालुक्याने नगरपंचायतीला दिलेल्या अर्जाची पोच घेऊन यावे. ज्यांच्याकडे पोच असेल त्यांना आम्ही आधी बोलायला देऊ.