तंत्रज्ञानाचा भविष्यवेध : 'दृष्टी २०२०' ते 'दृष्टी २०३५'

(मुनिरका, नवी दिल्ली येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आपल्यापैकी अनेक जण आज मेट्रोने मुनिरका स्थानकावर उतरून येथे आले असतील. हे स्थानक ज्या मॅजेंटा मार्गावर आहे, त्याच मार्गावर २८ डिसेंबर २०२० रोजी देशातील पहिली चालकरहित मेट्रो सेवा सुरू झाली. दिल्ली मेट्रोचा शाहदरा ते तीस हजारी हा पहिला टप्पा डिसेंबर २००२ मध्ये सुरू झाला होता. त्यानंतर अवघ्या अठरा वर्षांत गाडीचे नियंत्रण चालकाच्या हातून स्वयंचलित यंत्रणेकडे गेले. कालचे भाकीत आज आपल्या नित्याच्या प्रवासाचा भाग झाले आहे. म्हणूनच उद्याच्या तंत्रज्ञानाविषयीच्या भाकितांकडे कसे पाहावे, याचा विचार करण्यास मुनिरका ही योग्य जागा आहे.

याच परिसरात 'टायफॅक' म्हणजेच तंत्रज्ञान माहिती, पूर्वानुमान व मूल्यमापन परिषदेचे कार्यालय आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे कामच मुळी तंत्रज्ञानाच्या भवितव्याचा वेध घेणे हे आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या अध्यक्षतेखाली या परिषदेने 'तंत्रज्ञान दृष्टी २०२०' हा दस्तऐवज तयार केला व तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. अन्नप्रक्रिया, आरोग्य, दूरसंचार, रस्ते वाहतूक, जलमार्ग अशा विविध क्षेत्रांचा त्यात विचार होता. पुढे १९९८ मध्ये डॉ. कलाम आणि य. सु. राजन यांच्या पुस्तकाने २०२० पर्यंत विकसित भारत हे स्वप्न घरोघरी पोहोचवले.

स्वप्नाचा ताळेबंद

२०२० हे वर्ष आले आणि गेले. भारत त्या वर्षी विकसित राष्ट्र झाला नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. तथापि, सारे स्वप्न फोल ठरले असेही नाही. देशात भ्रमणध्वनी सेवा १९९५ मध्ये सुरू झाली, तेव्हा साध्या दूरध्वनीच्या जोडणीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा करावी लागे. आज भ्रमणध्वनीच्या जोडण्या शंभर कोटींहून अधिक आहेत. २०१६ मध्ये आलेल्या 'यूपीआय' प्रणालीमुळे भाजीविक्रेताही थेट बँक खात्यात पैसे स्वीकारू लागला.

याचा अर्थ असा की, भाकितांची दिशा पुष्कळदा बरोबर असते. चुकतात ते साधन आणि वेग. याचे बोलके उदाहरण आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातच आहे. १९९८ मध्ये वारणानगर परिसरात 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे उभारण्यात आली. शिक्षण, आरोग्य, बाजारभाव, शासकीय दाखले हे सारे संगणकावरून गावात येईल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्या केंद्रांचा उपयोग प्रामुख्याने उसाची नोंद, तोडणीची पाळी, वजन आणि बिल एवढ्यापुरताच होत राहिला. पुढे संशोधकांनी काही गावांत संगणकाऐवजी साध्या भ्रमणध्वनीच्या लघुसंदेशाने हीच माहिती देऊन पाहिली, आणि ते स्वस्तात साधले. शेतकऱ्याची गरज खरी होती. तिचे उत्तर मात्र केंद्रातील संगणकात नसून त्याच्या खिशातील फोनमध्ये होते.

आता त्याच ऊसशेतीत पुढचे पाऊल पडत आहे. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने उपग्रहचित्रे, हवामानाची माहिती व शेतातील संवेदक यांना कृत्रिम बुद्धिमत्तेची जोड देऊन पाणी व खते यांचा सल्ला शेतकऱ्यांना देण्याचा प्रयोग हाती घेतला आहे. तो आशादायक आहे. परंतु वारणेचा धडा येथेही लागू पडतो. अल्पभूधारकाला हा सल्ला परवडेल का, त्याच्या भाषेत मिळेल का, आणि सल्ला चुकला तर जबाबदारी कोणाची, या प्रश्नांची उत्तरे यंत्र देणार नाही.

शेवटच्या माणसापर्यंत

दुसरे उदाहरण नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावाचे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक याच गावातील नागरिकांना देण्यात आले. अत्याधुनिक तंत्रज्ञान प्रथम महानगरात न जाता आदिवासीबहुल जिल्ह्यातील एका खेड्यात गेले, ही लहान गोष्ट नव्हे. त्याच वेळी, कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र ओळखत नाही, हा अनुभवही मजुरांच्या वाट्याला आला. अशा वेळी हक्काचे धान्य नाकारायचे, की पर्यायी मार्गाने ओळख पटवून ते द्यायचे? हा निर्णय माणसाचा असतो, आणि उद्या कदाचित तो आपल्यापैकीच कोणाच्या तरी स्वाक्षरीने होईल.

या दृष्टीने 'तंत्रज्ञान दृष्टी २०३५' हा दस्तऐवज अभ्यासण्याजोगा आहे. डॉ. अनिल काकोडकर टायफॅकचे अध्यक्ष असताना तो तयार झाला आणि जानेवारी २०१६ मध्ये म्हैसूर येथील भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्रकाशित झाला. पहिल्या दस्तऐवजाची मांडणी क्षेत्रनिहाय होती. या दस्तऐवजाचा प्रारंभ नागरिकापासून होतो. शुद्ध हवा व पिण्यायोग्य पाणी, पोषण, आरोग्यसेवा, अखंड ऊर्जा, शिक्षण व उपजीविका, सुरक्षित प्रवास, पारदर्शक प्रशासन अशा बारा गोष्टी प्रत्येक भारतीयाला मिळाव्यात, आणि तंत्रज्ञान त्यासाठी राबावे, असे तो सांगतो. वीस वर्षांत झालेला हा दृष्टिबदल मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

येत्या काळाबद्दल मी आशावादी आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'भाषिणी' उपक्रमासारख्या प्रयत्नांतून मराठी माणूस मराठीत बोलून शासनाशी व्यवहार करू शकेल. दूरवैद्यकामुळे दुर्गम पाड्यातील रुग्णाला तज्ज्ञाचा सल्ला मिळेल. काही जुनी कामे जातील, हेही खरे. चालकरहित गाडी धावू लागली, की चालकाच्या नव्या प्रशिक्षणाचा विचार गाडीच्या आराखड्याबरोबरच व्हायला हवा.

म्हणून कोणतेही भाकीत वाचाल तेव्हा तीन प्रश्न विचारा : ही गरज कोणाची आहे? ती भागवण्याचे सर्वांत साधे साधन कोणते? आणि यंत्र बंद पडले, तर शेवटच्या माणसाचे काय? परीक्षेतील उत्तरासाठी हे प्रश्न उपयोगी पडतीलच. पण त्यांची खरी कसोटी आपण एखाद्या तालुक्याच्या कचेरीत खुर्चीवर बसाल, तेव्हा लागेल. २०३५ फार दूर नाही. त्या वर्षीचा ताळेबंद मांडला जाईल, तेव्हा जमेच्या बाजूला आपले काम असावे, हीच सदिच्छा.