पाणथळीचा कोपरा

सोलापूर जिल्ह्यातील बागायतदाराच्या कानी ‘पाणथळ’ हा शब्द पडला की त्याच्या कपाळास आठी पडते. उसाला पाणी देऊन देऊन काळ्या रानाचा निचरा थांबला, मुळे कुजली, क्षार वर येऊन जमीन चोपण झाली, असा त्या शब्दाचा त्याचा अनुभव. पक्षिनिरीक्षक मात्र तोच शब्द प्रेमाने उच्चारतात. एकाच बांधावर हे दोन अर्थ कसे नांदावयाचे, हे श्रोत्यांनी पाहण्याजोगे आहे.

या अवर्षणप्रवण मुलखातील मोठी तळी माणसानेच केलेली. आदिला नदीवरील एकरूख ऊर्फ हिप्परगा तलाव १८७१ साली पुरा झाला. भीमेवरील उजनी धरण १९८० साली. उजनीचे पाणी ओसरू लागले म्हणजे उघड्या पडलेल्या चिखलात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, आणि पाण्याच्या पाठोपाठ शेतकरी गाळपेर करीत जातात. रोहिताला खोल पाण्याचे काय काम! त्याला हवे उथळ पाणी आणि मऊ गाळ.

शेततळ्यात नेमके हेच नसते. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली, तळी झाली. पण पुष्कळांचे काठ उभे, तळाशी प्लॅस्टिकचा कागद, आणि पाणी विहिरीतून उपसलेले. ते मुरत नाही. तेथे लव्हाळा रुजत नाही, पडलेल्या कोल्ह्यास वर येता येत नाही. त्यावर सांगोल्याकडील डाळिंबाची बाग जगते, तेव्हा त्यास नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र ती पाणथळ नव्हे.

स्वखुशीने पाणथळ राखण्यास याहून खर्च कमी. ओढ्याकाठचा जो सखल कोपरा दर पावसाळ्यात बुडतो, त्यात नांगर घालू नये. चर खणून त्याचे पाणी काढून देऊ नये. बुजलेला असल्यास काठास सौम्य उतार देऊन तो पुन्हा उकरावा. लव्हाळा व पाणकणीस आपोआप येतात. वरच्या रानातून वाहून येणारी माती व खत तेथे अडते, आणि जमीन मुरवणारी असेल तर शेजारच्या विहिरीस पाझर मिळतो.

अडचण आहे ती त्या चार गुंठ्यांची. १९७१ च्या रामसर कराराने मानवनिर्मित जलस्थानांसही पाणथळ मानले. आपल्या देशातील २०१७ च्या नियमांनी सिंचनासाठी बांधलेली तळी वगळली. म्हणजे खाजगी रानातील असल्या कोपऱ्यास बहुधा मालकाच्या इच्छेवाचून दुसरा आधार नाही. सातबाऱ्यावर लागवडीस निरुपयोगी तुकड्याची नोंद ‘पोटखराबा’ अशी होते. हे नावच कोपऱ्याच्या मुळावर येणारे! भावाभावांत वाटणी झाली, की ज्याच्या वाट्यास तो येईल त्याने पहिल्याच उन्हाळ्यात तेथे मुरूम टाकला, तर त्यास दोष कोणी द्यावा?

ज्या घरी असा कोपरा राखला असेल, तेथील वडिलांनी वाटणीची बोलणी निघण्यापूर्वीच, हस्ताचा पाऊस होऊन गेल्यावर, मुलांना एकदा त्या काठावर न्यावे, आणि शेजारच्या विहिरीच्या किती पायऱ्या बुडाल्या त्या त्यांच्याकडून मोजवून घ्याव्यात.