जुन्या लष्करी जीपगाड्या : छंद आणि सचोटी
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



जुन्या लष्करी गाड्या विकत घेणे, त्या दुरुस्त करून चालत्या करणे आणि हौशी माणसाच्या हाती सोपविणे, या आमच्या छंदाविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने केली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. गंजलेल्या सांगाड्यापायी पैसा आणि रविवार घालविणाऱ्यांस शहाणे कोण म्हणेल? तथापि या छंदाने आम्हांस जे शिकविले, ते आपणांपुढे ठेवावेसे वाटते.

दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या काळात, अमेरिकेत सुमारे ६ लाख ४० हजार जीपगाड्या तयार झाल्या. बहुतेक सर्व विलिस आणि फोर्ड या दोन कारखान्यांत. आराखडा एकच, ६० अश्वशक्तीचे इंजिनही एकच. युद्धानंतर महिंद्र कंपनीने मुंबईत विलिसच्या मुलकी जीपगाड्या बांधण्यास आरंभ केला. त्यामुळे आपल्याकडे युद्धातील जीप आणि तिची मुलकी भावंडे, दोन्ही आढळतात. सर्वांस हिरवा रंग दिला की नवख्यास भेद उमगत नाही. फसवणुकीस वाव तो येथेच.

भेद मात्र स्पष्ट आहेत. युद्धकालीन जीपच्या दर्शनी पत्र्याच्या जाळीस नऊ उभ्या फटी असतात, मुलकी जीपच्या जाळीस सात. युद्धकालीन जीपचे पुढचे दिवे उलटे फिरवून इंजिनावर प्रकाश पाडता येतो. फोर्डने तर आपल्या बोल्टांवरही ‘एफ’ हे अक्षर उठविले होते. या गाड्यांच्या तळाखालील पन्हळी पट्ट्यांत लाकूड भरलेले असे. तेथे पाणी मुरते आणि पत्रा आतून सडतो. त्यावर लांबी भरून रंग मारणे सोपे; सडका पत्रा कापून नवा जोडणे हे खरे काम. म्हणून विकताना आम्ही घेणाऱ्यास यादी लिहून देतो : मूळचे काय, नवे काय, दुसऱ्या गाडीचे काय.

परंतु सचोटीची खरी कसोटी विकताना नव्हे, घेताना लागते. एका खेड्यात गोठ्यालगत पडलेली जीप तिचे वृद्ध मालक भंगाराच्या भावाने देण्यास तयार होते. बोल्टांवरील अक्षर आम्ही पाहिले. आम्ही मौन पाळले असते, तर आम्हांस दोष देणारे कोणीही नव्हते. त्या रात्री आमच्यात पुष्कळ वाद झाला. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना गाडीचे खरे मोल सांगितले. आजोबांनी गाडी विकली नाही, नातवासाठी ठेवली. व्यवहार हातचा गेला खरा. परंतु त्या मुलास पाना धरावयास शिकविण्यासाठी आम्ही आजही तेथे जातो.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. गाडी मूळ रूपात राखलेली असावी, ही त्यातील प्रमुख अट. अशा वेळी खोटी ‘मूळ’ गाडी खपविणारा केवळ गिऱ्हाईकास नव्हे, इतिहासासही फसवितो.

आपल्या तरुणांनी हाताला तेल लागू द्यावे, यंत्र उघडून पाहावे. मात्र ज्ञान वाढेल तसा समोरच्याच्या अज्ञानाचा लाभ घेण्याचा मोहही वाढेल, हे त्यांनी ध्यानी ठेवावे. तो मोह ज्याला आवरता आला, त्याच्याच हाती जुन्या वस्तू सुरक्षित राहतील.