आमरीचं चित्र आणि बाईचं नाव

(मिरा रोड येथे महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो,

मी ऑर्किडच्या जुन्या चित्रांवर बोलणार म्हटल्यावर तुमच्यातल्या एकीने विचारलंच, "पाण्याचा, घराचा, लोकलचा प्रश्न सोडून फुलांचं काय घेऊन बसलात?" तिचं म्हणणं चूक नाही. पण माहिती कुणाची आणि नाव कुणाचं, हाही आपलाच प्रश्न आहे. या फुलांच्या इतिहासात तो फार स्वच्छ दिसतो.

ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात. पुष्कळजणी तिला बांडगूळ समजून ओरबाडून टाकतात. बांडगूळ झाडाचा रस शोषतं. झाडावरची आमरी मात्र फक्त फांदीला धरून राहते आणि पावसाचं, हवेतलं पाणी आपल्या जाड मुळांनी टिपते. काही आमरी जमिनीत कंद धरून वाढतात. कोकणात आंब्या-फणसावर मे-जूनच्या सुमारास एक आमरी फुलते. पांढऱ्या-गुलाबी फुलांचा घोस खाली लोंबतो. तिला आपण सीतेची वेणी म्हणतो. हे नाव कुणी दिलं याचा कागद नाही. पण ते रोज वेणी घालणाऱ्या हातांनी दिलं असावं, असं मला वाटतं.

याच आमरीचं चित्र १६९३ साली आम्सटरडॅमला छापलं गेलं. मलबारचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ पासून काढला, त्याच्या शेवटच्या खंडात ते आहे. पुढे १७५३ साली लिनियसने भारतात पाऊल न टाकता, या चित्राच्या आधारे तिला लॅटिन नाव दिलं. ग्रंथासाठी माहिती दिली ती इट्टी अच्युतन या वैद्याने आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांनी. या तिघांचं निवेदन पहिल्या खंडात देवनागरीत छापलेलं आहे. वसाहतीच्या सत्ताधाऱ्याने स्थानिक माणसांची नावं छापली, ही गोष्ट मोठी आहे आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं. पण त्या नावांत बाई एकही नाही. त्या काळी घरोघर मुळ्या उगाळणाऱ्या, काढे उकळणाऱ्या, बाळंतिणीची औषधं जाणणाऱ्या बायका नव्हत्या का? होत्या. त्यांना साक्षीला कुणी बोलावलं नाही.

त्याआधी एका बाईचं नाव सापडतं, पण कसं ते पाहा. १५६३ साली गोव्यात गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने इथल्या औषधांवर पुस्तक छापलं. मुंबई बेट याच माणसाकडे खंडाने होतं. पुस्तकाचा विषय आमरी नाही, आणि ते संवादाच्या रूपात आहे. त्यात अंतोनिया नावाची त्याची दासी येते. मालक हाक मारतो, ती वनस्पती आणून देते. ती गुलाम होती. वनस्पती आणणारे हात नोंदले गेले, पण फक्त हुकूम पाळणारे हात म्हणून.

आता चित्रांकडे येऊ. इतर झाडांची फांदी कागदात दाबून वाळवली तर बरीचशी ओळखता येते. आमरीचं तसं नाही. तिच्या आतल्या तीन पाकळ्यांपैकी एक वेगळी असते, तिला ओठ म्हणतात. पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकत्र जुळून मधे एक खांब होतो. फूल दाबलं की ओठ चेपतो, रंग काळवंडतो, आणि जात ओळखण्याची खूणच जाते. म्हणून जिवंत फूल समोर ठेवून, ते उकलून, ओठ वेगळा मोठा करून काढावा लागतो. चित्र नसेल तर वर्णन लंगडं पडतं.

हे काम बायकांनी केलं. सह्याद्रीतली एक ठिपक्यांची आमरी, एरिडिस मॅक्युलोसा, हिचं वर्णन जॉन लिंडले याने १८४५ साली लंडनच्या 'बोटॅनिकल रजिस्टर'मध्ये केलं. त्या काळात या नियतकालिकाची बहुतेक चित्रं सारा अ‍ॅन ड्रेक काढत असे. तिथे तिने हजाराहून अधिक चित्रं केली. सही असायची 'मिस ड्रेक'. ती लिंडलेच्या कुटुंबातच राहत असे. लिंडलेने ऑस्ट्रेलियातल्या एका आमरीच्या प्रजातीला तिचं नाव दिलं, ड्रेकिया. असा मान फार थोड्या चित्रकर्तींना मिळाला. लंडनच्या लिनियन सोसायटीने तर बायकांना सभासद म्हणून घेतलं ते १९०४ साली. चित्र काढायला बाई चालत होती, सभेत बसायला चालत नव्हती.

आपल्याकडे काय? पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेत अलेक्झांडर गिब्सन याने १८४७ ते १८५० या काळात एका इथल्या चित्रकाराकडून वनस्पतींची चित्रं करून घेतली. ती आज एडिंबरोला जपून ठेवली आहेत. गिब्सनचं नाव एका आमरीला मिळालं, हॅबेनारिया गिब्सोनाय. चित्रकाराचं नाव मात्र कुणालाच ठाऊक नाही. म्हणजे हा प्रश्न फक्त बाईचा नाही. जो राबतो, जो सांगतो, त्याचं नाव पुसलं जातं. बाईचं आधी पुसलं जातं, एवढंच.

मग आपण काय करायचं? आपलं शहर खाडी आणि राष्ट्रीय उद्यानाचं जंगल यांच्या मधे आहे. काशीमिऱ्याकडच्या पाड्यांवर आदिवासी बायका आहेत. पावसाच्या तोंडाला बाजारात शेवळं, करटोली येतात, ती ओळखून आणणाऱ्या बायकाच असतात. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेने समिती नेमायची आणि लोक जैवविविधता नोंदवही करायची आहे. २००४ च्या नियमांत तर या समितीत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात असं लिहिलं होतं. तेव्हा महापालिकेत जाऊन विचारा: नोंदवही कुठे आहे? त्यात माहिती कुणी दिली?

माझ्या मागण्या चार आहेत. सांगणारीचं नाव तिच्या संमतीने नोंदवा. तिने वापरलेलं नाव लॅटिन नावाच्या आधी लिहा. चित्र काढणारीची सही चित्राखाली राहू द्या. आणि तिचा दिवस मोडला तर त्याचा मोबदला द्या.

एक सावधगिरीही सांगते. अमरकंद ही जमिनीतली आमरी, तिचे कंद औषधासाठी उपटले जातात. कंद गेला की झाड गेलं. म्हणून दुर्मीळ आमरीची नेमकी जागा छापू नका. जागा गावाला माहीत असू दे, व्यापाऱ्याला नको. काय सांगायचं आणि काय राखायचं, हे ठरवण्याचा हक्कही सांगणारीचाच आहे.

पुढच्या बैठकीला वही आणि पेन्सिल घेऊन या. पाड्यावरच्या बायकांनाही बोलावू या, आणि त्यांना पुढच्या रांगेत बसवू या.