नवऱ्यावर टांगलेले नागरिकत्व
(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



मारहाण, पोटगी, मुलांचा ताबा या कामांत आपण मुरलो आहोत. नागरिकत्वाचा प्रश्न आला की मात्र गडबडतो. नेपाळहून लग्न करून आलेली बाई वीस वर्षे इथे राबते, तिच्याकडे आधार कार्डही असते, आणि आपण धरून चालतो की ती भारतीय झाली. नाही झाली. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही आणि लग्नाने ते आपोआप मिळत नाही. अर्ज करावा लागतो.

१९५५ च्या कायद्यात भारतीयाशी लग्न केलेल्या ‘स्त्रियांना’ नोंदणीची वाट होती. भारतीय बाईच्या परदेशी नवऱ्याला नव्हती. बाई नवऱ्यामागे जाणार, हे गृहीतच! १९८६ मध्ये ‘स्त्रिया’ऐवजी ‘व्यक्ती’ आले. परदेशात जन्मलेल्या मुलाला आईकडून नागरिकत्व मिळायला तर १९९२ उजाडावे लागले.

पण २००३ च्या दुरुस्तीतल्या एका बदलाबद्दल फारसे कुणी बोलत नाही. आधी शब्द होते, भारतीयाशी ‘विवाहित असलेली किंवा पूर्वी असलेली’. आता फक्त ‘विवाहित असलेली’, आणि वास्तव्य पाचाऐवजी सात वर्षांचे. म्हणजे कायद्याच्या शब्दांप्रमाणे नवरा वारला किंवा घटस्फोट झाला की ही वाट बंद. उरते ती लांबची वाट, नैसर्गिकीकरणाची. त्यासाठी अर्जाआधीचे सलग १२ महिने आणि त्यापूर्वीच्या १४ वर्षांपैकी ११ वर्षे भारतात राहिलेली हवी. राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातली एक भाषा यायला हवी. मराठी त्यात आहे, आणि बाजारात घासाघीस करून ती तिला चांगली येते. शिवाय हवे ‘चांगले चारित्र्य’. नवऱ्याने टाकलेल्या बाईच्या चौकशीत या शब्दाचे काय होते, ते तुम्हाला मी सांगायला नको.

आमच्याकडे अशी एक बाई आली, तेव्हा तिचे सहावे वर्ष चालू होते. हात प्लास्टरमध्ये. म्हणाली, ‘‘ताई, अजून एक वर्ष काढू का?’’

मी नाही म्हटले. घर सोड, पण घटस्फोट मागू नकोस. वेगळी राहिलीस तरी कायद्याने तू विवाहितच आहेस. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण आणि खर्च घटस्फोटाशिवाय मागता येतो. लग्नाचा दाखला, पासपोर्ट, नवऱ्याच्या नागरिकत्वाचे कागद आधी बाहेर काढ. ते तिने काढले, पिठाच्या डब्यातून.

आता त्यानेच घटस्फोटाचा दावा लावला आहे. सात वर्षे भरायला चार महिने आहेत, आणि आमची वकील तारखा लांबवते आहे.