एम. वाय. हॉस्पिटल आणि आपण



१९९४ साली सुरतेत प्लेग आला, तेव्हा आपल्या इंदूरच्या एम. वाय. हॉस्पिटलात उंदरांचे राज्य होते. रुग्ण इतरत्र हलवून इमारत रिकामी केली, हजारो उंदीर मारले, साफसफाई झाली. नागरिक आणि उद्योजकांनी हातभार लावला. त्यातूनच रोगी कल्याण समिती उभी राहिली: ऐपतवाल्याकडून अल्प शुल्क, गरिबाला माफी, आणि जमलेला पैसा भोपाळच्या तिजोरीत न जाता रुग्णालयातच खर्च. २००५ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ही पद्धत देशभर नेली.

पण शुल्काच्या खिडकीवरून एकही गरीब परत फिरला, तर ही भागीदारी फसली म्हणायची. म्हणून नुसती देणगी देऊन थांबू नका. अधूनमधून वॉर्डात चक्कर मारा, विचारपूस करा. तीही बाप्पाचीच सेवा.

गणपती बाप्पा मोरया!