माकडतापातले माकड

(इब्रामपूर येथे शिक्षक आणि विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी साहित्य शिकवतो. सूक्ष्मजीवांवर बोलण्याचा अधिकार माझा नाही, पण त्यांच्यासाठी आपण जे शब्द योजतो त्यांवर बोलू शकतो. आज एकच शब्द घेतो : माकडताप. इब्रामपुरात तो घेण्याचे कारण उघड आहे. इथल्या डोंगरांवर काजू आहे, आणि बोंडू वेचायचे दिवस हेच या तापाचेही दिवस.

१९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात वानरे मरू लागली, माणसे तापाने पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्यामागचा विषाणू शोधला. डेंग्यूच्याच कुळातला. २०१५ साली हा ताप आपल्या सत्तरीतल्या पाली गावात आला, २०१६ साली शेजारच्या दोडामार्ग तालुक्यात.

आता यात माकडाचा वाटा किती? विषाणूचे घर गोचीड. तिचे आयुष्य अळी, पिलू आणि प्रौढ अशा टप्प्यांचे. प्रत्येक टप्प्याला तिला कुणाचे तरी रक्त लागते. अळी उंदीर-घुशींसारख्या लहान प्राण्यांवर पोसते, प्रौढ गोचीड गुरांवर. गुरांना हा ताप येत नाही, पण त्यांच्यामुळे गोचिडींची वीण वाढते. माणसाला चावते ते बहुधा पिलू, टाचणीच्या टोकाएवढे, पातेऱ्यात लपलेले. विषाणू शिरलेली गोचीड जन्मभर तो बाळगते आणि तरी सुखाने जगते. वानर मात्र मरते. त्याचे अंग थंड पडले की गोचिडी उतरून पातेऱ्यात पसरतात. माणूस आजारी पडतो, शंभरात तीन ते पाच दगावतात. पण माणसापासून माणसाला हा ताप लागत नाही. विषाणूच्या दृष्टीने आपण म्हणजे पुढे वाट नसलेली गल्ली.

म्हणजे आपण ज्याच्या नावाने ताप ओळखतो ते आपल्याआधीचे रोगी आहे! 'विषाणू' हा शब्दही असाच अर्धा खरा. गोचिडीत तो विष नाही, वानरात आहे. विष कुणाच्या अंगात नसते, दोघांच्या गाठीत असते. याच डोंगरावर, याच आठवड्यांत बोंडूच्या सालीवरचे यीस्ट निरोत उतरते, कुणी न घालता तो आंबतो आणि त्याची हुर्राक, फेणी होते. तिथे आपण 'आंबला' म्हणतो, दूध तसेच बदलले की 'नासले'. क्रियापद सूक्ष्मजीव ठरवत नाही, आपली सोय ठरवते. भाषेचा हा स्वभावच आहे. एरवी मला तो आवडतोही.

पण तापाच्या बाबतीत तो महाग पडतो. 'माकडताप' ऐकले की मुलाची नजर झाडावर जाते, आणि धोका तर पायाशी आहे. म्हणून वर्गात मी 'गोचीडताप' म्हणतो. शब्द ओबडधोबड आहे, कबूल. पण तो ऐकून मूल पाय झाकून बागायतीत जाईल, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकील, अंग तपासून आंघोळ करील.

शिक्षकांना एवढीच विनंती, की काजूचा हंगाम लागण्यापूर्वी एक तास यासाठी ठेवा. बागायतीत मेलेले वानर दिसले तर मुलांनी जवळ जाऊ नये, काठीनेही हलवू नये. मोठ्यांना सांगावे आणि मोठ्यांनी त्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळवावे.